रूबी वेब अ‍ॅप्लिकेशनमधील बॅकग्राउंड जॉब आणि मेमरी

बॅकग्राउंड जॉब म्हणजे वापरकर्त्याला उत्तर देऊन मोकळे केल्यावर, मागाहून, वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) उरकायचे काम. एसएमएस पाठवणे, पीडीएफ काढणे, बँकेची फाइल तयार करणे, हजारो खात्यांचा हिशेब लावणे, ही कामे ब्राउझर ताटकळत ठेवून करण्यासारखी नसतात. रूबी भाषेत, विशेषतः रेल्स या तिच्या वेब चौकटीवर, लिहिलेले अ‍ॅप्लिकेशन अशी कामे क्यूत टाकते. काट्यापुढे नंबराने उभ्या ऊसगाड्यांसारखी ती तिथे थांबतात आणि वर्कर, म्हणजे कामे करणाऱ्या प्रोसेस, ती एकेक उचलून पुरी करतात. या वर्करची मेमरी फुगत जाते, ही रूबी वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. क्यूची आखणी आणि मेमरीचे नियोजन हे दोन विषय सहसा वेगवेगळे शिकवतात. प्रत्यक्षात दोन्हींत ठरवायचे एकच असते, की एका वेळी किती काम हातात घ्यायचे.

कोल्हापूर जिल्ह्यातील व्यवहार या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहेत, कारण ते ठरावीक तारखांना एकदम उसळतात. दूध संस्थांची बिले दहा दिवसांनी निघतात, ऊसबिले पंधरवड्याने. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. त्यामुळे एरवी निवांत असणाऱ्या सर्व्हरवर बिलाच्या रात्री सगळा भार एकदम येतो. ती रात्र निभावेल एवढा सर्व्हर बारमाही भाड्याने घेणे हा महागडा उपाय आहे. काम नीट पाडून दिले तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

साधने : युकिहिरो मात्सुमोतो यांनी रूबी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली आणि २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रेल्स आणली. सुरुवातीच्या काळात गाजलेले डिलेड जॉब हे साधन शॉपिफायमधून बाहेर आले. त्यात क्यू म्हणजे डेटाबेसमधले एक टेबल. २००९ मध्ये गिटहबने रेस्क दिले. ते रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटासाठ्यावर चालते आणि प्रत्येक कामासाठी नवी प्रोसेस फोर्क करते, म्हणजे स्वतःची प्रत काढते. काम संपले की ती प्रोसेस मरते आणि तिची मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाते, हा त्याचा मोठा गुण. पण दहा कामे एकदम चालवायची तर दहा प्रोसेस लागतात. माइक पेरहॅम यांच्या साइडकिकने २०१२ पासून एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड (एकत्र चालणारे कामाचे धागे) चालवून हा खर्च खाली आणला. रेल्स ४.२ मधील अ‍ॅक्टिव्ह जॉबने या सगळ्यांसाठी एकच लिहिण्याची पद्धत दिली. रेल्स ८ पासून नव्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये सॉलिड क्यू आपसूक येते. तिला रेडिस लागत नाही, क्यू पुन्हा डेटाबेसच्या टेबलातच असते.

थ्रेडच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. रूबीच्या मूळ अंमलबजावणीत एका प्रोसेसमध्ये एका वेळी एकच थ्रेड रूबी कोड चालवतो, कारण सगळ्यांमध्ये एकच लॉक असते. डेटाबेस, बँक किंवा एसएमएस गेटवे यांच्या उत्तराची वाट पाहताना थ्रेड ते लॉक सोडतो. म्हणून मेसेज पाठवण्याच्या कामाला थ्रेड वाढवून फायदा होतो, शुद्ध आकडेमोडीला जवळजवळ होत नाही. तिथे फक्त एकाच वेळी मेमरीत उघडी असलेली कामे वाढतात. साइडकिकने स्वतःची आपसूक थ्रेडसंख्या २५ वरून १० आणि पुढे सातव्या आवृत्तीत ५ वर आणली, ती पुरेशा अनुभवानंतरच.

मेमरी का फुगते : रूबीतील प्रत्येक ऑब्जेक्टला हीपमधील (ऑब्जेक्ट ठेवण्याच्या मेमरीतील) एक खाना मिळतो. मूळ खाना ४० बाइटचा, रूबी ३.२ पासून ८०, १६०, ३२० आणि ६४० बाइटचेही खाने आहेत. खान्यात न मावणारा मजकूर बाहेर, मॅलॉकने (मेमरी मागून घेणाऱ्या सोयीने) घेतलेल्या जागेत जातो. हे खाने पानांमध्ये, म्हणजे मेमरीच्या ठरावीक तुकड्यांमध्ये, बसवलेले असतात आणि अख्खे पान रिकामे झाल्याशिवाय ते परत करता येत नाही. पानावर एक जुना ऑब्जेक्ट जरी जिवंत उरला, तरी पान अडकून राहते. त्यामुळे एखाद्या कामाने एकदा ८०० मेगाबाइट घेतली, तर काम संपल्यावरही प्रोसेस पुष्कळदा तेवढ्याच उंचीवर बसलेली दिसते.

याला गळती म्हणणे चूक आहे. गळतीत मेमरीचा आलेख थांबता थांबत नाही, चढतच राहतो. फुगवट्यात तो एका मोठ्या कामापाशी उडी मारतो आणि मग सपाट होतो. पहिल्या रोगात धरून ठेवलेला ऑब्जेक्ट शोधावा लागतो: क्लासवर ठेवलेली यादी, कधीच रिकामी न होणारी कॅश (पुन्हा लागेल म्हणून राखलेला डेटा). दुसऱ्यात ते एक मोठे काम शोधून तोडावे लागते. नेहमीच्या व्यवसायी अ‍ॅप्लिकेशनमध्ये आढळतो तो बहुधा दुसराच रोग, आणि त्यावर पहिल्या रोगाची औषधे देण्यात आठवडे वाया जातात.

पंधरवड्याचे बिल : समजा एका कारखान्याचे २०,००० ऊस उत्पादक आहेत. सरळ लिहिलेला जॉब सगळे उत्पादक ‘ऑल’ने आणतो, सोबत त्यांच्या काटा पावत्या, तोडणी-वाहतुकीच्या नोंदी आणि सोसायटीची कर्जकपात प्रीलोड करतो, म्हणजे आधीच मेमरीत आणतो, आणि ‘ईच’ने एकेकावर फिरतो. वीस हजार उत्पादक आणि त्यांच्या प्रत्येकी काही पावत्या म्हणजे लाखाच्या घरातले अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड ऑब्जेक्ट. यातला प्रत्येक म्हणजे टेबलातल्या एका ओळीचे रूबीतले रूप; त्याच्या पोटात पुन्हा स्ट्रिंग (मजकूर), तारखा, दशांश आकडे. शेवटी बँकेची फाइल एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये जोडत नेली असेल, तर तीही तोवर मेमरीतच. फेरीच्या सुरुवातीला आणलेला पहिला उत्पादकसुद्धा शेवटपर्यंत सुटत नाही, कारण यादीने तो धरलेला असतो.

‘ईच’च्या जागी ‘फाइंड ईच’ लिहिले की रेल्स एका वेळी १,००० ओळी आणते आणि मागच्या हजार सोडून देते. फक्त खाते क्रमांक आणि रक्कम हवी असेल तिथे ‘प्लक’ वापरावे, म्हणजे रेकॉर्ड ऑब्जेक्ट तयारच होत नाही. बेरीज रूबीत न करता एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या भाषेत) करावी. फाइल ओळीओळीने तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावी. एवढ्या चार बदलांनी जे साधते ते गार्बेज कलेक्टरच्या (नको असलेले ऑब्जेक्ट साफ करणाऱ्या यंत्रणेच्या) कुठल्याही सेटिंगने साधत नाही.

यापुढची पायरी म्हणजे एका मोठ्या जॉबचे अनेक लहान जॉब करणे. प्रत्येक उत्पादकाला एक जॉब, इतके बारीक तुकडे केले तर क्यूत टाकण्या-काढण्याचाच खर्च वाढतो. गावनिहाय किंवा गट ऑफिसनिहाय तुकडा सोयीचा पडतो, कारण अडलेले काम कोणत्या गावाचे ते हिशेबनिसालाही लगेच कळते. मात्र गावे सारखी नसतात. मोठ्या गावाचा जॉब पुन्हा जड होऊ नये म्हणून त्यातही संख्येची मर्यादा घालावी. जॉबला अख्खा रेकॉर्ड न देता फक्त आयडी द्यावा. साइडकिक जॉबला दिलेली ही माहिती जेसन या मजकुरी स्वरूपात रेडिसमध्ये ठेवते; तिथे मोठा मजकूर कोंबला तर फुगवटा वर्करमधून निघून रेडिसमध्ये जातो. रेडिसचे मेमरी धोरण ‘नो एव्हिक्शन’ (काहीही आपणहून न काढणे) असावे. कॅशसाठीचे धोरण ठेवले तर जागा कमी पडताच रेडिस क्यूतली कामेच मुकाट टाकून देऊ शकते.

काम हरवणे आणि दुबार होणे : मेमरीकडे केवळ सर्व्हरभाड्याचा प्रश्न म्हणून पाहिले जाते, ते अपुरे आहे. लिनक्सची मेमरी संपली की कर्नल एखादी जड प्रोसेस तडकाफडकी मारते. साइडकिकची मोफत आवृत्ती काम रेडिसमधून काढून घेऊन मग चालवते. त्या क्षणी प्रोसेस मारली गेली तर हातातले काम ना क्यूत उरते, ना पुन्हा प्रयत्नांच्या यादीत. म्हणजे मेमरीचा फुगवटा शेवटी एखाद्या गावाच्या न निघालेल्या बिलात दिसतो, आणि तोही शेतकरी बँकेत जाऊन विचारेपर्यंत कुणाला कळत नाही. साइडकिकच्या सशुल्क आवृत्तीत यावर, उचललेले काम हरवू न देणारी, ‘सुपर फेच’ ही सोय आहे. सॉलिड क्यूसारख्या डेटाबेसवरील साधनांत उचललेल्या कामाची नोंद टेबलात राहते.

उलट बाजूचा धोका म्हणजे तेच काम दोनदा होणे. अपयशी कामाला साइडकिक आपसूक २५ वेळा, वाढत्या अंतराने, सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पुन्हा संधी देते. बँकेकडे रक्कम गेली आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली, तर पुढच्या प्रयत्नात रक्कम पुन्हा जाईल. म्हणून उत्पादक आणि पंधरवडा या जोडीवर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (दुबार नोंद नाकारणारी अट) हवा, आणि बँकेला पाठवायचा संदर्भ क्रमांक आधी नोंदवून प्रत्येक प्रयत्नात तोच वापरायला हवा. पैशाच्या जॉबमध्ये ही तपासणी रूबी कोडच्या ‘जर’वर सोडू नये, दोन थ्रेड एकाच वेळी त्या ‘जर’मधून पार होऊ शकतात.

सगळ्या कामांना एकच नियम लावणेही बरोबर नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांवर गेल्याचा मेसेज नदीकाठच्या सभासदांना पाठवणारा जॉब बिलांच्या पीडीएफमागे रांगेत अडकता कामा नये. त्याला स्वतंत्र क्यू आणि शक्यतो स्वतंत्र वर्कर प्रोसेस द्यावी. आणि त्याचे प्रयत्न तीन आठवडे चालू ठेवू नयेत: पाणी उतरल्यावर पोचलेला इशारा लोकांना नाहक घाबरवतो. अशा जॉबला मुदत घालून, ती उलटली की तो सोडून द्यावा.

सेटिंग : कोड सुधारल्यावर उरलेल्या फुगवट्यासाठी सेटिंगकडे वळावे. सर्वांत परिणामकारक बदल मॅलॉकचा. लिनक्सवरील जीलिबसी ही मूळ लायब्ररी अनेक थ्रेडांसाठी वेगवेगळे अरीना (मेमरीचे साठे) उघडते; ६४ बिट यंत्रावर त्यांची मर्यादा कोअरच्या आठपट, म्हणजे ४ कोअरवर ३२. प्रत्येक अरीनात थोडी थोडी जागा अडकून पडते आणि अनेक थ्रेडांच्या वर्करमध्ये त्याची गोळाबेरीज मोठी होते. ‘मॅलॉक अरीना मॅक्स’ हा पर्यावरण-चल २ वर आणला की पुष्कळदा लगेच उतार दिसतो. दुसरा मार्ग जेसन एव्हान्स यांच्या जेमॅलॉक या पर्यायी मॅलॉकचा, रेल्स ७.२ पासून आपसूक मिळणाऱ्या डॉकरफाइलमध्ये (सर्व्हरवरील मांडणी सांगणाऱ्या फाइलमध्ये) ते असते.

रूबी २.० ने गार्बेज कलेक्टरच्या, कोणता ऑब्जेक्ट वापरात आहे हे दाखवणाऱ्या, खुणा ऑब्जेक्टबाहेर नेल्या. तेव्हापासून फोर्क केलेल्या प्रोसेसना मूळ प्रोसेसची पाने वाटून वापरता येतात. पुमा या वेब सर्व्हरमध्ये कोड आधी लोड करून मग फोर्क करण्याचा फायदा तोच. रूबी २.१ मध्ये पिढ्यांवर (ऑब्जेक्टच्या वयावर) आधारित कलेक्शन आले, २.७ मध्ये हीप दाबून बसवण्याची सोय. हीपवाढीचा गुणक १.८ असतो, तो कमी केला तर हीप सावकाश वाढते पण कलेक्शन अधिक वेळा होते. हा आकडा मोजमाप न करता बदलू नये. मोजमापासाठी प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष व्यापलेली मेमरी), गार्बेज कलेक्टरचे आकडे देणारे ‘जीसी स्टॅट’ आणि मेमरी प्रोफायलर हे जेम (रूबीचे तयार पॅकेज) पुरतात. जॉबच्या आधी आणि नंतर आरएसएस लॉगमध्ये लिहिली तरी दोषी जॉब दोन-तीन बिलांत सापडतो. चाचणी मात्र मागील हंगामाच्या सर्वांत मोठ्या पंधरवड्याच्या डेटावर घ्यावी. दहा उत्पादकांच्या नमुना डेटावर यातले काहीच दिसत नाही.

मेमरी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की वर्कर पुन्हा सुरू करणे हा तात्पुरता उपाय आहे आणि हंगामाच्या मध्यात तो स्वीकारण्यात काही गैर नाही. तो शिस्तीने करावा. साइडकिकला आधी टीएसटीपी सिग्नल दिला की ते नवे काम घेणे थांबवते. मग टर्म हा थांबण्याचा सिग्नल दिला की हातातल्या कामांना २५ सेकंद मिळतात आणि तेवढ्यात न संपलेली कामे रेडिसमध्ये परत जातात. लहान तुकड्यांचे जॉब या २५ सेकंदांत संपतात.