गॅल्व्हानिक गंज आणि भटक्या विजेचा गंज

लांबच्या सफरीची शिडाची नौका पाण्याबाहेर काढल्यावर पंखा (प्रोपेलर) किंवा तळातील एखादा व्हॉल्व्ह खाल्लेला दिसला, की ‘इलेक्ट्रोलिसिस झाले’ असे म्हणून मोकळे होण्याची नौकावाल्यांची सवय आहे. या एका शब्दात दोन निराळ्या क्रिया कोंबल्या जातात आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

गॅल्व्हानिक गंजाला बाहेरची वीज लागत नाही. दोन भिन्न धातू एकमेकांना जोडलेले असून दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले असले, की त्यांचाच विद्युतघट तयार होतो आणि त्यांतील अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो. ब्राँझच्या पंख्याच्या शाफ्टवर जस्ताचा ॲनोड बसवतात तो याचसाठी: झीज त्याने सोसावी. या दोन धातूंमधील विभवांतर ०.७ व्होल्टच्या आसपास असते, त्यामुळे हे काम महिनोन्‌महिने सावकाश चालते. ॲनोड निम्मा झिजला की बदलावा. त्याला रंग मात्र कधीही लावू नये, कारण रंगवलेला ॲनोड नसल्यातच जमा. धक्क्यावरून वीज घेताना अर्थिंगच्या तारेने शेजारच्या नौकाही आपल्या नौकेला जोडल्या जातात आणि आपले जस्त त्यांच्या पंख्यांसाठी झिजू लागते. तेथे गॅल्व्हानिक आयसोलेटर, म्हणजे अर्थिंगच्या तारेतून वाहणारा हा क्षीण प्रवाह अडवणारे उपकरण, हवे.

भटक्या विजेच्या गंजामागे बॅटरीच असते, आणि १२ व्होल्टपुढे ०.७ व्होल्टची काय कथा! बहुधा दोष बिल्ज पंपाच्या (नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) तारेत सापडतो, कारण मुख्य स्विच बंद असतानाही पंप चालावा म्हणून तो थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि त्याचा जोड तळाच्या साचलेल्या पाण्यात भिजत राहतो. तेथून गळणारा प्रवाह ज्या धातूतून समुद्रात उतरतो, तो धातू काही दिवसांतच खाल्ला जातो. येथे जादा ॲनोड बसवणे म्हणजे, माझ्या मते, पैसे पाण्यात टाकणे होय. तार शोधून दुरुस्त करणे हाच उपाय.

निदानासाठी सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याचे स्वतःचे विभव स्थिर राहते असा मोजमापाचा इलेक्ट्रोड) समुद्रात सोडून तो व तळातील धातू यांमधील व्होल्टेज मल्टिमीटरवर पाहावे आणि एकेक उपकरण चालू-बंद करत जावे. कशानेही आकडा हलला नाही, तर संशय गॅल्व्हानिक गंजाकडे वळवावा; एखाद्या स्विचसरशी तो उडी मारत असेल, तर त्याच उपकरणाची वायरिंग आधी उघडावी.