खणायची परवानगी द्यायची कुणी? खजिन्याच्या कायद्यापासून डायनोसॉरच्या हाडापर्यंत

गायरानात किंवा नदीकाठच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) जुनी खापरं, मणी, नाहीतर दगड झालेलं हाड दिसलं की पहिला प्रश्न हाच येतो, खणायचं तर विचारायचं कुणाला, सरपंचाला की तहसीलदाराला? मुरूम-मातीसाठी तहसील ऑफिस ठीक आहे, पण पुरातत्त्वाचं खोदकाम गावाच्या हातात कधी नव्हतंच.

आधी तर कुणालाच विचारावं लागत नव्हतं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांच्या नावाचं तिथं कॉलेज आहे) चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याची जीवाश्म हाडंही गोळा करायचे आणि विदर्भातली शिळावर्तुळं (मोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळं) ही बघत फिरायचे, १८६३ ला टाकळघाटची वर्तुळं बघून परत येतानाच ते नदीत बुडाले. हाड आणि खापर एकाच माणसाच्या पिशवीत, कायदा कुठंच नाही.

मग १८७८ ला इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट आला. नावातच सगळं आलं, सरकारला काळजी खजिन्याची. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, मूळ मालक कुणी निघाला नाही आणि आधी काही ठरलं नसेल तर ज्याला सापडलं त्याला चारातले तीन हिस्से, जागामालकाला एक, आणि लपवलं तर वर्षभरापर्यंत जेल. म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर जे काही अधिकार आले ते सापडल्यानंतरचे, खणण्याआधीचे नाहीत.

खणण्यावर नियंत्रण आलं ते व्हाइसरॉय कर्झनच्या काळात, १९०४ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने, आणि ते थेट वरूनच. पुढे १९३२ ला दुरुस्ती करून बाहेरच्या संस्थांना लायसन्स द्यायची सोय केली, म्हणूनच १९३५-३६ ला अमेरिकन टीम सिंधमधल्या चान्हुदडोला (सिंधू संस्कृतीचं एक ठिकाण) खोदू शकली आणि तिथल्या वस्तूंचा वाटा बोस्टनच्या म्युझियमला गेला. आज हे वाचून राग येतो, पण तेव्हा ते रीतसर होतं.

स्वातंत्र्यानंतर सूट मिळेल असं वाटलं असेल तर नाही, १९५८ च्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या कायद्याने दोर अजून घट्ट केला. संरक्षित नसलेल्या जागेवरही राज्य सरकारला स्वतः खोदायचं किंवा कुणाला खोदू द्यायचं तर आधी केंद्राची मंजुरी लागते. महाराष्ट्राने १९६० ला स्वतःचा कायदा केला, तरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारखी पुरातत्त्वातली संस्थासुद्धा प्रस्ताव दिल्लीलाच पाठवते. तोवर इकडे पांढरीची माती खत म्हणून शेतात जातच असते, तिला कुठलं लायसन्स! नगर जिल्ह्यातल्या दायमाबादची ती प्रसिद्ध ब्राँझची चार शिल्पं, रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंच्या वर, १९७४ ला कुठल्या परवानगीने नाही तर झाडाचं मूळ काढताना निघाली.

आता जीवाश्म. १९५८ चा कायदा सगळा माणसाच्या इतिहासावर बेतलेला, शंभर वर्षांची अट वगैरे, आणि ६-७ कोटी वर्षांपूर्वीचं हाड त्यात नीट बसतच नाही. खरं तर जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली १८२८ ला, म्हणजे खजिन्याच्या कायद्याच्याही ५० वर्षं आधी! जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया काही जागांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणतो, आपलं लोणार त्यातच, पण नुसत्या त्या दर्जाने शिक्षा करायचं बळ येत नाही. त्यामुळे एखादी जागा वनखात्याची असेल तर वनकायद्याने वाचते, नाहीतर खाणवाल्याची जेसीबी आधी पोचते.

हे भरून काढायला डिसेंबर २०२२ मध्ये खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या (जीवाश्म, खडक वगैरेंच्या जागांच्या) विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी टाकला. त्यातही सगळी सूत्रं केंद्राकडे आणि जिऑलॉजिकल सर्व्हेकडेच, म्हणून युनिव्हर्सिटीवाल्या संशोधकांनी आरडाओरड केली की आता साधा नमुना उचलायलाही यांच्याच दारात जायचं का. ग्रामपंचायतीचं काय, हा मुद्दा त्या भांडणातही फारसा कुणी काढला नाही.