मातीत खेळणं म्हणजे टाइमपास? मुळीच नाही!

‘बालवाडीत नुसते मातीचे गोळे करतात, अभ्यास कधी घेणार?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातोय. मुळात समजच उलटा आहे. शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी संस्था काढली (‘किंडरगार्टन’ हे नाव 1840 चं), तीच मुळी लाकडी ठोकळे, लोकरीचे चेंडू आणि बागकाम यांच्या जोरावर. खेळ हाच तिथला अभ्यास होता.

आता हाताचं बघा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती जवळजवळ सगळी कूर्चाच (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) असतात. पाचव्या वर्षीही काही पुरती तयार झालेली नसतात. अशा हातात पेन्सिल देऊन पानभर ‘अ’ गिरवून घेतला, की मूल ती मुठीत आवळतं, खांदा वर उचलतं आणि कागद फाटतो. माती मळताना, चिमटीने मणी ओवताना मात्र तोच हात मजेत तयार होतो.

गणिताचंही तेच. बुटक्या भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओता. चार वर्षांचं मूल बहुधा ‘आता जास्त झालं’ म्हणेल. समजावून फारसा उपयोग नाही. त्यालाच ओतू द्या, दहादा. फरशी पुसावी लागेल, ते वेगळं.