मताफमध्ये उतरण्यापूर्वी : उमऱ्याला येणाऱ्यांसाठी

मक्केतल्या काब्याभोवतीच्या ज्या पांढऱ्या संगमरवरी पटांगणात तवाफ, म्हणजे काब्याभोवतीचे सात फेरे, होतो, ते मताफ. ही फरशी उन्हातही थंड राहते, त्यामुळे दुपारी अनवाणी चालता येते. चपला मात्र दाराशी सोडू नका, परतताना दार बहुधा दुसरेच लागते. कापडी पिशवीत जवळच ठेवा.

फेरा हजरे अस्वदच्या, म्हणजे काब्यातल्या काळ्या दगडाच्या, कोपऱ्यापासून सुरू होतो आणि तिथेच पुरा होतो. गर्दीत कोपरा दिसला नाही तर मशिदीच्या भिंतीवरचा हिरवा दिवा पाहा. डावीकडे कोपरा, उजवीकडे दिवा आला की आपण सुरुवातीच्या रेषेवर आहात. नियत, म्हणजे मनातला संकल्प, दोन पावले आधीच करा. रेषेवर थांबलात तर मागचा लोंढा अंगावर येतो. दगडाला हात लागलाच पाहिजे असे नाही. लांबून हात उंचावून 'बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर' म्हटले की पुरे. त्यासाठी कुणाला धक्का देणे गैरच. शिवाय तिथे अत्तर लावलेले असते आणि इहराममध्ये, म्हणजे उमऱ्याच्या बंधनांच्या अवस्थेत, सुगंध अंगाला लागता कामा नये.

सर्वात मोठी चूक हतीमपाशी होते. ती अर्धगोल बुटकी भिंत काब्याचाच भाग आहे. गर्दी टाळायला तिच्या आतून गेलात तर तो फेरा धरला जात नाही. नेहमी बाहेरून वळा.

पुरुषांनी उजवा खांदा उघडा ठेवावा आणि पहिल्या तीन फेऱ्यांत रमल करावे, म्हणजे छोटी पावले टाकत झपझप चालावे. जागा नसेल तर साधे चाला. मोजणीसाठी सात मण्यांची तसबीह (जपमाळ) बरी. पाच झाले की सहा, अशी शंका आली तर पाच धरा.

वुजूबद्दल, म्हणजे नमाज-तवाफापूर्वी हात-पाय-तोंड धुऊन केलेल्या शुद्धीबद्दल, कोकणातल्या शाफई पंथाच्या मंडळींना खास सांगणे आहे. गर्दीत परस्त्रीचा किंवा परपुरुषाचा स्पर्श होतोच, आणि शाफई मतानुसार त्याने वुजू तुटतो. काय करायचे ते निघण्यापूर्वीच आपल्या इमामसाहेबांना विचारून ठेवा.

काब्याच्या मध्यापासून 30 मीटरवरून चाललात तर सात फेरे साधारण 1.3 किलोमीटर होतात. वरच्या मजल्यांवर हीच चाल कितीतरी वाढते, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी आधी कळवावे, व्हीलचेअरची सोय पाहता येते.

सातव्या फेऱ्यात हळूहळू बाहेरच्या बाजूला सरका, एकदम आडवे घुसू नका. मग खांदा झाकून दोन रकात (नमाजाची आवर्तने) नमाज पढा. मकामे इब्राहीमच्या, म्हणजे काब्यासमोरच्या इब्राहीम पैगंबरांच्या पाऊलखुणांच्या दगडाच्या, मागे जागा नसेल तर मशिदीत कुठेही चालते. जमजमचे पवित्र पाणी प्या आणि सईसाठी, म्हणजे सफा व मरवा या टेकड्यांमधल्या सात खेपांसाठी, सफाकडे निघा.