वनजमिनीवर सौर मोबाइल टॉवर: प्रस्ताव अडतो कुठे?

गडचिरोलीच्या आतल्या गावांत किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवर टॉवर उभा राहिला तरी विजेचा भरवसा नसतो. मग सौर पॅनेल आणि बॅटरी आलीच. जागा वनजमीन असेल, तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली ती गावाच्या सुविधेसाठी मिळवण्याचा प्रस्ताव करता येतो. अट अशी की सुविधा सरकारी व्यवस्थापनाची हवी आणि जागा एक हेक्टरपेक्षा कमी. खासगी कंपनीला ही वाट नाही.

कलमातल्या १३ सुविधांत दूरसंचार वाहिन्या आहेत, अपारंपरिक ऊर्जा स्रोतही आहेत. टॉवर असा स्पष्ट उल्लेख नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात हे आधीच विचारून घ्या. आणि पॅनेलची जागा पहिल्याच प्रस्तावात दाखवा. नुसता टॉवरचा ठराव करून पॅनेल मागाहून घुसवायला गेलात, की फाइल परत आलीच म्हणून समजा.

सगळ्यात जास्त घोळ ठरावात. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव चालत नाही, सरपंचांचं पत्र तर नाहीच. ग्रामसभेचा ठराव लागतो, तोही किमान निम्मे सदस्य हजर असताना झालेला. लावणीच्या दिवसांत एवढी माणसं जमत नाहीत, तेव्हा तारीख बघून सभा लावा. सह्या-अंगठ्यांचं हजेरीपत्रक जोडा.

दुसरी गफलत झाडांची. मर्यादा हेक्टरी ७५ झाडांची आहे, सरसकट ७५ ची नाही. दोन आर जागेत हिशेब दीड झाडाचा येतो, म्हणजे एकच तोडता येईल. शेजारची झाडं या परवानगीत येतच नाहीत, आणि पॅनेलवर सावली नेमकी त्यांचीच पडते. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी लांबते. जागा ठरवताना दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे ना, एवढं पाहाच.

बाकी सोपं आहे. टॉवर उभारणाऱ्या सरकारी यंत्रणेने अर्जाचा नमुना 'अ' तीन प्रतींत भरून, ठराव जोडून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्यायचा. त्यांनी जागा पाहून तीन आठवड्यांत अहवाल पाठवायचा, पुढे उपवनसंरक्षकांना चार आठवडे. त्यांना प्रस्ताव पटला नाही, तर तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. हे आठवडे आपोआप कुणी मोजत बसत नाही; आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. जागा हस्तांतरित झाल्यापासून वर्षभरात तिचा वापर सुरू व्हायला हवा, त्यामुळे पॅनेल-बॅटरीची निविदा मंजुरीची वाट बघत ठेवू नका.