ताणजन्य अतिश्वसन

भीती, काळजी किंवा मानसिक ताण यांमुळे श्वास शरीराच्या गरजेपेक्षा जलद वा मोठा होण्याची अवस्था. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. घाबरल्यावर हा आकडा 30 च्या वर जाऊ शकतो. छाती आवळते, धाप लागते आणि ‘श्वास पुरत नाही’ असे वाटते, पण प्रत्यक्षात श्वास जादा होत असतो. कोविडनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर अशा वेळी रक्तातील ऑक्सिजन बहुधा 98-99 टक्के दाखवतो. मग घरचे ‘काही झालेलं नाही तुला’ म्हणून मोकळे होतात. हेही चूकच, कारण बिघाड झालेला असतो, फक्त तो यंत्राला दिसत नाही.

संकटाची चाहूल लागताच अनुकंपी चेतासंस्था जागी होते, ॲड्रेनॅलीन स्रवते आणि मेंदूच्या लंबमज्जेतील श्वसनकेंद्र वेग वाढवते. पळण्याची किंवा झुंजण्याची ही तयारी असते. झुंज होतच नाही, तिथे घोटाळा सुरू होतो. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत लढत करून मातीतून बाहेर आलेला पैलवानही जोरजोरात धापा टाकतो, पण त्याच्या ओठांना मुंग्या येत नाहीत. त्याचे स्नायू भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करत असतात आणि श्वास तो बाहेर टाकत असतो, हिशेब जुळतो. कॉटवर बसून घाबरलेल्या माणसाचे स्नायू तेवढा वायू तयार करत नाहीत, तरी फुप्फुसे तो उपसत राहतात. रक्तातील त्याचे प्रमाण घटते, रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे चक्कर येते, डोके हलके वाटते. रक्तातील मुक्त कॅल्शियम घटल्याने ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, क्वचित हाताची बोटे आखडतात. या लक्षणांनी माणूस आणखी घाबरतो, आणखी श्वास ओढतो.

सगळ्यांनाच असा झटका येतो असे नाही. दीर्घकाळच्या ताणात श्वास थोडासाच वाढलेला राहतो. सुस्कारे, जांभया, खांदे वर ओढून घेतलेला श्वास एवढेच दिसते. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली की चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत सामान बांधायचे का, जनावरे कधी हलवायची, हा घोर सुरू होतो. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्याला नुसते ‘पाणी वाढतंय’ एवढे शब्दही पुरतात. अशा दिवसांत श्वास आधीच बिघडलेला असतो आणि किरकोळ निमित्ताने झटका येऊ शकतो.

‘मोठा श्वास घे’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच उलटा पडू शकतो. श्वास लहान आणि सावकाश हवा, उच्छ्वास लांब हवा. एक हात पोटावर ठेवून, खांदे सैल सोडून, नाकाने सुमारे 4 सेकंद श्वास घ्यायचा आणि 6 सेकंद सोडायचा. म्हणजे मिनिटाला सहाच्या आसपास. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) खाली सरकते तेव्हा पोटावरचा हात वर उचलला जातो. उच्छ्वासाच्या वेळी शरीराला शांत करणाऱ्या व्हेगस तंत्रिकेमुळे हृदयाची गती किंचित मंदावते. 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास याच वेगावर येत असल्याचे आढळले. लांब ओळीचा अभंग गातानाही उच्छ्वास आपोआप लांबतो.

सराव मन शांत असताना, रोज पाच-दहा मिनिटे करावा; ऐन झटक्यात नव्याने शिकणे जमत नाही. रंकाळा तलावावर सकाळी जोरात कपालभाती किंवा भस्त्रिका करणारे दिसतात. ते व्यायाम वेगळ्या हेतूचे. घाबरलेल्या अवस्थेत ते करू नयेत. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता डॉक्टर सुचवत नाहीत, कारण धाप हृदयविकाराची किंवा दम्याची असल्यास तो घातक ठरतो. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्यानेच अधिक धास्ती वाटते. त्यांनी संथ चालावे, आजूबाजूच्या वस्तू मोजाव्यात.

पहिल्यांदाच छातीत दुखून धाप लागली, तर ताण असेल असे गृहीत न धरता रुग्णालय गाठून ईसीजी काढून घ्यावा. मधुमेह्याचा श्वास खोल आणि जलद झाल्यास रक्तातील साखर तातडीने तपासावी लागते. झटके वारंवार येत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी शासनाच्या टेलिमानस दूरध्वनी सेवेचा क्रमांक 14416 आहे.