भाषेच्या स्वतंत्र कोडसाठी अर्ज : पात्रता, कागदपत्रे आणि पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावरील भाषांचे उदाहरण

पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, सान्दाउन प्रांतातील आयतापेच्या आसपास, सिसानो, अरोप, मालोल, सेरा, तुम्लेओ अशा काही लहान भाषा बोलल्या जातात. अभ्यासक त्यांना सिआउ गट म्हणतात, आणि पूर्वेकडच्या कैरिरू, वोगेओ, मानाम या भाषांसह त्यांना स्खाउटेन या नावाखाली ओशियानिक भाषांमध्ये, म्हणजे मोठ्या ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या एका शाखेत, ठेवतात. अशा गटावर काम करणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. अमुक गावची बोली ही स्वतंत्र भाषा आहे का, हा पहिला. आणि ती कोणत्या भाषेची किती जवळची नातलग आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी अधिकृत अर्ज आहे, छाननी आहे आणि निर्णयही आहे. दुसऱ्यासाठी जगात कुठलेही कार्यालय नाही. तो शोधनिबंधांतून आणि वादविवादांतूनच सुटतो. ही प्रक्रिया समजून घेताना हा फरक सर्वांत आधी लक्षात घ्यावा, कारण नात्याचा पुरावा जोडून वेगळेपणाची मागणी केली, तर अर्ज कितीही जाड झाला तरी तो दुबळाच राहतो.

हा अर्ज आयएसओ ६३९ या आंतरराष्ट्रीय मानकाखाली केला जातो. जगातील प्रत्येक भाषेला तीन अक्षरी कोड देणारा त्याचा तिसरा भाग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये सर्व भाग एकाच दस्तऐवजात आणले गेले आणि तीन अक्षरी कोडांना 'संच ३' हे नाव मिळाले. या संचाची नोंदणी एसआयएल ग्लोबल (पूर्वीची एसआयएल इंटरनॅशनल) ही संस्था सांभाळते. मराठीचा कोड 'एमएआर' आहे आणि वऱ्हाडी-नागपुरीला 'व्हीएएच' असा वेगळा कोड आहे. कोंकणीची व्यवस्था दोन पातळ्यांवर आहे : 'केओके' हा कोड मॅक्रोलँग्वेजचा, म्हणजे एकाहून अधिक भाषांना सामावून घेणाऱ्या नोंदीचा, आणि त्याखाली गोव्याच्या कोंकणीसाठी 'जीओएम' व दुसऱ्या कोंकणीसाठी 'केएनएन'. आपल्याकडचे हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले, तर पुढची चर्चा परकी वाटणार नाही.

कोण अर्ज करू शकतो?

कोणतीही व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. पदवीची, नागरिकत्वाची किंवा त्या भाषेचे भाषक असण्याची अट नाही, आणि शुल्कही नाही. अर्जदाराने आपले नाव, संलग्न संस्था असल्यास तिचे नाव आणि संपर्काचा पत्ता द्यायचा असतो. अर्ज कोणीही करू शकत असला, तरी त्यावर जाहीर हरकती येतात; त्यामुळे ज्या समाजाच्या भाषेबद्दल आपण बोलतो आहोत त्याला विश्वासात न घेता केलेला अर्ज माझ्या मते करूच नये. गावातील वडीलधाऱ्यांचे किंवा शाळेचे संमतिपत्र नियमाने आवश्यक नाही, तरीही ते जोडावे.

अर्ज नेमका कशासाठी?

मागणीचे प्रकार ठरलेले आहेत. यादीत नसलेल्या भाषेसाठी नवा कोड, एका कोडाखालील दोन भाषा वेगळ्या करणे, दोन कोड एकत्र करणे, अस्तित्वातच नसलेल्या 'भाषेचा' कोड रद्द करणे, आणि नावासारख्या तपशिलाची दुरुस्ती. नव्या कोडासाठी अर्जाचा वेगळा नमुना आहे आणि आधीच्या कोडातील बदलांसाठी वेगळा. भाषा वेगळ्या करताना जुना कोड निवृत्त होतो आणि प्रत्येक भागाला नवा कोड मिळतो. निवृत्त कोड पुन्हा दुसऱ्या भाषेला दिला जात नाही. म्हणून ही मागणी करताना त्या कोडाखाली आजवर नोंदलेल्या ध्वनिफिती, शब्दसंग्रह आणि ग्रंथालयीन नोंदी यांचे काय होईल, याचा विचार अर्जदाराने स्वतःही करावा.

निकष आणि पुरावा

सगळ्या प्रक्रियेचा कणा म्हणजे परस्पर-आकलनाचा निकष. एका बोलीच्या भाषकाला दुसरी बोली न शिकता, केवळ स्वतःच्या बोलीच्या बळावर, व्यवहारापुरती समजत असेल, तर त्या दोन्ही सामान्यतः एकाच भाषेचे प्रकार मानल्या जातात. आकलन काठावरचे असेल, पण दोघांचे साहित्य एक असेल किंवा दोघांनाही समजणाऱ्या मध्यवर्ती बोलीभोवती एकच ओळख उभी असेल, तर भाषा एकच धरण्याकडे कल असतो. उलट संवाद होण्याइतके आकलन असूनही दोन समाजांची वेगळी ओळख पक्की रुजलेली असेल, तर भाषा वेगळ्या मानता येतात. म्हणजे अर्जात तीन गोष्टींवर बोलावे लागते : समजते किती, साहित्य कोणते, आणि लोक स्वतःला काय म्हणवतात.

यांतील पहिली गोष्ट सिद्ध करण्यासाठी बहुतेक जण शे-दोनशे शब्दांची तुलनात्मक यादी जोडतात आणि तेवढ्यावर थांबतात. शब्दसाम्य उपयोगी असते, पण ते आकलनाचे मोजमाप नव्हे. त्यासाठी ध्वनिमुद्रित गोष्टीची चाचणी घेतात. एका गावातील माणसाकडून त्याच्यावर गुदरलेला एखादा प्रसंग, समजा होडीचे इंजिन मध्येच बंद पडल्याचा, दोन-तीन मिनिटांत सांगवून घ्यायचा आणि त्यावर दहा-बारा प्रश्न तयार करायचे. ती गोष्ट आधी त्याच गावातील इतरांना ऐकवायची. त्यांनाही ज्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत ते प्रश्न सदोष समजून काढून टाकायचे. मगच ती शेजारच्या गावात न्यायची आणि प्रश्न मात्र ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या बोलीत विचारायचे. ते टोक पिसिनमध्ये, म्हणजे देशाच्या संपर्कभाषेत, विचारले, तर ऐकणारा गोष्टीत अडखळला की प्रश्नात, हे कळायला मार्ग उरत नाही.

इथे खरी मेहनत ऐकणाऱ्यांच्या निवडीत आहे. आईचे माहेर दुसऱ्या गावचे आहे, बायको तिथली आहे, आठवड्याच्या बाजाराला आयतापेला जाणे आहे, अशा माणसाला दुसरी बोली समजते ती सहवासाने, आणि निकष मागतो ते दुसरी बोली न शिकताही होणारे आकलन. म्हणून प्रत्येकाची ही माहिती नोंदवून ती अर्जासोबत द्यावी. या किनाऱ्यावर ती विशेष महत्त्वाची आहे, कारण १७ जुलै १९९८ च्या त्सुनामीत सिसानो खाजणाच्या काठची गावे वाहून गेली, दोन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि वाचलेल्यांनी आतल्या भागात नव्याने वस्ती केली. अशा प्रदेशात 'हे कुठले?' या प्रश्नाला जुने गाव आणि नवे गाव अशी दोन उत्तरे असतात, आणि नमुन्यातील 'कुठे बोलली जाते' या रकान्यात दोन्ही लिहावी लागतात.

नावांच्या रकान्यात भाषकांचे स्वतःचे नाव, शेजारी देतात ते नाव आणि छापील साहित्यातील नावे स्वतंत्रपणे द्यावीत. सिसानो खाजणाजवळच्या अरोपला 'एपीएस' हा कोड असून यादीतील त्याचे नाव अरोप-सिसानो आहे. कारण मादांग आणि मोरोबे प्रांतांदरम्यानच्या बेटांवर अरोप-लोकेप ही दुसरीच ओशियानिक भाषा आहे. स्खाउटेन हे नावही तसेच फसवे आहे. विलेम स्खाउटेन हा डच दर्यावर्दी १६१६ मध्ये या समुद्रातून गेला, आणि त्याचे नाव पापुआ न्यू गिनीच्या या किनाऱ्याजवळील बेटांप्रमाणेच इंडोनेशियातील बिआक बेटांच्या समूहालाही लागले. बिआक भाषा ऑस्ट्रोनेशियन आहे, पण ओशियानिक नाही. नुसते नाव लिहून प्रांत आणि गाव न लिहिणारा अर्जदार छाननी करणाऱ्याला चुकीच्या समुद्रात पाठवतो.

वर्गीकरणाचा रकाना

नमुन्यात भाषेचे कूळ आणि जवळच्या भाषा विचारलेल्या असतात. ही माहिती ओळख पटवण्यासाठी असते. तिच्यावर निर्णय होत नाही. तरीही ती नीट भरावी. शेजार म्हणजे नाते नव्हे, याचा दाखला त्याच खाजणाच्या काठी आहे : वारापूची भाषा स्कोउ कुळातली, म्हणजे ऑस्ट्रोनेशियन नसलेली आहे, आणि तिच्या शेजारी अरोप व सिसानो या ओशियानिक भाषा आहेत.

उपगट ठरतो तो मूळ भाषेनंतर एकत्र घडलेल्या बदलांवरून. वारशाने राहिलेल्या गोष्टींवरून नव्हे. आद्य ओशियानिकमधील, म्हणजे ओशियानिक भाषांच्या मूळ भाषेतील, 'लिमा', म्हणजे पाच, हा शब्द दोन भाषांत टिकला एवढ्यावरून त्या सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. मराठी आणि गुजराती या दोघींनी तीन लिंगे जपली म्हणून त्यांचा वेगळा गट सिद्ध होत नाही, तसेच हे. भाषाशास्त्रज्ञ माल्कम रॉस यांनी १९८८ मध्ये पश्चिम मेलानेशियातील भाषांचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्खाउटेन भाषा उत्तर न्यू गिनी समूहात ठेवल्या. लांबलचक किनाऱ्यावर बोली हळूहळू दूर जातात तेव्हा बदल एकमेकांवर पसरलेले दिसतात आणि झाडाच्या फांद्यांऐवजी साखळीचे चित्र उभे राहते. आपल्या गटात असे दिसत असेल, तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. गटांसाठी मानकात निराळा संच आहे, त्यात ऑस्ट्रोनेशियन कुळाला 'एमएपी' हा कोड आहे. पण स्खाउटेनसारख्या लहान गटाला तिथे कोड नाही.

सोबतची परवानगी

अर्जासाठी पापुआ न्यू गिनीची कोणतीही सरकारी परवानगी लागत नाही. मात्र पुरावा गोळा करायला तिकडे जाणाऱ्या परदेशी संशोधकाला, आणि यात भारतीयही आले, संशोधन व्हिसा लागतो. तो अर्ज तिथल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेमार्फत जातो आणि प्रांताची मान्यताही घ्यावी लागते. त्यासाठी अनेक महिने हाताशी ठेवावेत.

अर्ज दिल्यानंतर

अर्जाला वर्ष आणि अनुक्रमांक मिळून बनलेला क्रमांक मिळतो, आणि तो संकेतस्थळावर सर्वांना वाचायला ठेवला जातो. हरकती व सूचनांसाठी किमान तीन महिने दिले जातात. अनेक वर्षे ही फेरी वार्षिक राहिली आहे : ऑगस्टअखेरपर्यंत आलेले अर्ज त्या फेरीत घेतले जातात आणि निकाल पुढील वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होतो. चालू वर्षाची तारीख अर्जापूर्वी पाहून घ्यावी. निर्णय पूर्ण मान्यतेचा, अंशतः मान्यतेचा किंवा नकाराचा असू शकतो, आणि त्याची कारणे लेखी प्रसिद्ध होतात. नकार आला, तरी नवा पुरावा घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. त्या वेळी पहिल्या अर्जाचा क्रमांक नमूद करून, नोंदवलेल्या प्रत्येक हरकतीला गाव, ऐकणारा आणि ध्वनिमुद्रण यांच्या दाखल्यासह उत्तर द्यावे.